त्याला घातलंस का?

कावळा शिवत नव्हता.

कऱ्हाडच्या संगमावर, जिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींना भिडतात, तिथल्या घाटाच्या पायरीवर नानांचे पिंड मांडलेले होते. आणि समोरच्या पिंपळावर बसलेली कावळ्यांची पंगत त्यांच्याकडे ज्या उदासीनतेने पाहत होती, ती मला कोणत्याही वैराग्यापेक्षा असह्य वाटत होती. ऊन चढले होते. नुकत्याच भादरलेल्या डोक्यावर ते विस्तवासारखे लागत होते. मी पुण्याच्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत होतो. पिंड, काकस्पर्श, प्रेताची वासना यांपैकी एकाही गोष्टीवर माझा विश्वास नव्हता, आणि ज्यावर विश्वास नाही ती गोष्ट घडत नाही म्हणून मी ताटकळत उभा होतो. माझ्या रागाचे पहिले कारण हेच.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले.

"कोणाची? कावळ्याची?"

"अच्युत," दिगंबरने माझे कोपर धरले. हा माझा आतेभाऊ; द्वारकाआत्याचा मुलगा. "आजच्या दिवस वाद राहू दे. मामींना सांभाळीन म्हण. सगळे तेच म्हणतात."

"सगळे म्हणतात म्हणून मी म्हणू?"

"तू म्हण रे बाबा. माझे पाय भाजतायत."

मी म्हटले. "नाना, आईला मी अंतर देणार नाही."

पिंपळावरच्या एका कावळ्याने चोच फांदीला घासली आणि तोंड फिरवले.

"मोठ्यानं म्हण. मामांना शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं."

मी पुन्हा म्हटले. इतक्या मोठ्याने की खालच्या पायरीवर धुणे धुणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. आईची प्रकृती, आईचे औषधपाणी, आईला काशीला नेणे अशी एकेक गोष्ट दिगंबर मागून सुचवत गेला आणि मी ती शाळकरी पोरासारखी घोकत गेलो. कावळे ढिम्म हलले नाहीत. अखेर गुरुजींनी पिशवीतून दर्भाची जुडी काढली आणि गवताचा कावळा वळायला घेतला. इतर कशानेही माझा तोल ढळला नसता, पण त्या गवताच्या कावळ्याने तो ढळला. ज्या माणसाने आयुष्यभर नकली म्हणून काही खपवून घेतले नाही, त्याची बोळवण नकली पक्ष्याने व्हावी! माझ्या तोंडून शब्द निघाले ते मी योजलेले नव्हते.

"नाना, तुमची बरणी मी मरू देणार नाही! वेळच्या वेळी घालीन तिला!"

फांदी हलली. एक कावळा सरळ खाली उतरला आणि मधल्या पिंडावर चोच मारून भाताचा घास घेऊन उडाला.

"बघ!" दिगंबर ओरडला. "मामांचा जीव बरणीतच होता!"

माझ्या अंगावर काटा आला. तो आला याचाही मला संताप आला.

ती बरणी काय होती हे आमच्या पेठेत कोणाला सांगावे लागत नसे. नाना साखर कारखान्यात अभियंता होते. तरुणपणी यंत्रे शिकण्यासाठी ते वर्षभर जर्मनीत राहिले, तेव्हा त्यांच्या घरमालकिणीने निरोपाच्या वेळी पावाचे वाळवलेले आंबवण कागदाच्या पुडीत बांधून त्यांना दिले. पीठ आणि पाणी आपसूक आंबून जो सजीव राब तयार होतो, तो. बाजारच्या खमिराचा त्याला स्पर्श नाही. रोज थोडे काढून टाकायचे, थोडे नवे पीठ आणि पाणी घालायचे, की तो पिढ्यान्‌पिढ्या जगतो. नानांनी तो कऱ्हाडात जगवला. जर्मनीतले राय नावाचे काळसर धान्य इथे मिळेना, म्हणून गव्हात ज्वारी मिसळून त्यांनी त्याला इथले अन्न लावले. चिनी मातीची बरणी स्वयंपाकघरात छताखालच्या फळीवर असे, कारण उष्ण हवा वर जाते. रविवारी सकाळी नाना पीठ मळत, परसातल्या पत्र्याच्या भट्टीत पाव भाजत आणि बाहेर काढल्यावर त्याच्या बुडाला बोटाने टिचकी मारून कान लावत. रिकाम्या मडक्यासारखा आवाज आला, की त्यांचा चेहरा उजळे. मग आधीपासून ओसरीवर जमलेल्या मित्रमंडळींना जाड सालीचा, आंबूस, लोण्याने माखलेला एकेक तुकडा मिळे, आणि स्तुतीला ऊत येई. आई तो पाव खात नसे. तिला पित्त होते.

नाना फिरतीवर असले की दूरध्वनी करीत, आणि आईने तो उचलताच पहिला प्रश्न विचारीत: "त्याला घातलंस का?"

आणि अखेरचा प्रसंग तर असा, की गेले नऊ दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तो सांगत होतो. अतिदक्षता विभागात, श्वास पुरत नसताना, नानांनी तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा बाजूला केला आणि आईला म्हटले, "घरी जा. त्याला घालायची वेळ झाली." मृत्यू उशाशी उभा आहे आणि हा मनुष्य एका मुक्या जीवाच्या भुकेची काळजी वाहतो आहे! ऐकणारे डोळे टिपत. आई भिंतीला टेकून बसलेली असे.

अशा मनःस्थितीत, म्हणजे वचन दिलेला आणि ते वचन स्वीकारले गेल्याचा पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला तर्कशास्त्राचा अध्यापक या अत्यंत अडचणीच्या अवस्थेत, मी घरी आलो.

"पुढच्या दारानं नको," आत्याने ओसरीवरूनच हुकूम सोडला. "मागं जा. अंघोळ कर, मग घरात ये."

द्वारकाआत्या नानांची धाकटी बहीण. ती साताऱ्याहून आल्यापासून घरातले सोवळे तिच्या ताब्यात होते. तिचा उजवा खांदा धरलेला होता. हात छातीच्या वर जात नसे आणि तिचा अंबाडाही आईच बांधून देई. पण जिभेला तो आजार नव्हता.

मी परसात गेलो आणि जागच्या जागी थिजलो.

केळीच्या बुंध्याशी, स्वच्छ सारवलेल्या जागेवर, पांढुरका राब ओतलेला होता. त्यावर बुडबुडे अजून फुटत होते. आंबूस वास सगळ्या परसात पसरला होता, रविवारचा वास. आणि एक कावळा त्यात पाय रोवून निवांतपणे चोची मारीत होता. शेजारच्या कठड्यावर बरणी पालथी घातलेली, धुऊन पुसून लख्ख.

"हे कोणी केलं?"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आत्या मागच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागे, स्वयंपाकघराच्या अंधारात, आई होती.

"ओरडू नकोस. मी केलं," आत्या म्हणाली. "दहाव्याला घर निर्मळ करतात. सुतकातलं शिळंपाकं घरात ठेवत नाहीत."

"शिळं? ते जिवंत होतं! बेचव झालेली आमटी नव्हती ती!"

"जिवंत होतं ना? मग तर मुळीच नको. भिजवलेल्या पिठाचा गोळा घरात ठेवू नये, पिंडासारखा दिसतो. गेलेल्याचा जीव त्याच्याभोवती घुटमळतो. तुझ्या आजीनं कधी कणकेचा गोळा उरवला नाही."

"आजीनं जे केलं नाही ते सगळं निषिद्ध का? मग शास्त्रच बोलू. दूध, दही, तूप, तेल, मीठ, मध यांना आशौच लागत नाही असं स्मृतिकार सांगतात. दही आंबवलेलं; हेही आंबवलेलं. दह्याला जो न्याय तोच याला. दाखव कुठं चुकलो."

"दही गाईचं असतं. हे कोणाचं?"

"हा काय प्रश्न झाला!"

"तुझ्या स्मृतिकारांनी पावाचं नाव घेतलंय का? नाही ना? मग ते त्यांना ठाऊक नव्हतं. आणि जे ठाऊकच नाही त्याला सूट कशी देतील?"

"उलट! ज्याचा निषेध सांगितलेला नाही ते निषिद्ध ठरत नाही! आत्या, तुला शास्त्र नको आहे. तुला फक्त झाडू हवा आहे. नाना इथं असते तर त्या बरणीला हात लावायची तुझी छाती झाली नसती. त्यांचा प्राण होता तो. आज घाटावर कावळा शिवेना, आणि मी बरणीचं वचन दिलं तेव्हा शिवला. विचार तुझ्या दिगंबरला! मी तिकडं त्यांना शब्द देत होतो आणि तू इकडं..." मी केळीकडे बोट केले. "तू त्यांना दुसऱ्यांदा मारलंस."

दिगंबर माझ्यामागून परसात आला होता.

आत्यासारख्या बाईने असल्या वाक्यानंतर गप्प राहणे अशक्य होते, आणि ती गप्प राहिली. एवढेच नव्हे, तिने क्षणभर मागे, अंधाराकडे पाहिले. "तिथंही शिवला, इथंही शिवला," ती पुटपुटली. "झालं की मग."

त्या क्षणी रागाच्या भरातही माझ्या बुद्धीने तिचे नेहमीचे काम केले. मी पालथ्या बरणीकडे पाहिले. मग आत्याच्या छातीशी धरलेल्या उजव्या हाताकडे.

"आत्या, बरणी वरच्या फळीवर असते."

"असते."

"स्टुलावर चढून, दोन्ही हात डोक्यावर नेल्याशिवाय ती निघत नाही. तुला स्वतःचा अंबाडा बांधता येत नाही. बरणी कोणी काढली?"

"काढली कोणी तरी. तुला काय करायचंय!"

"कोणी?"

"मी काढली," आई म्हणाली.

ती दारातून बाहेर उन्हात आली. हातात पुसायचे फडके होते.

"वहिनी, आत जा," आत्या म्हणाली. "ठरलंय ना आपलं?"

"राहू दे वन्सं. तुम्ही माझ्यासाठी भावाचा खून कशाला पत्करता?" मग ती माझ्याकडे वळली. "मी काढली. मीच ओतली. सारवून, जागा करून ओतली. तुम्ही तिकडं पिंड ठेवलात, मी इकडं ठेवला."

"आई, तुला कळतंय का तू काय केलंस?"

"तुला कळतंय का मी काय करत होते? वरची फळी म्हणे. उष्ण हवा वर जाते. हवा जाते रे; मला चढावं लागायचं. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. काढून टाकलेलं पीठ फुकट घालवायचं नाही, म्हणून त्याची धिरडी. ती कोणी खायची? पाव ओसरीवर जायचा, धिरडी माझ्या ताटात यायची. मला पित्त का होतं, हे तुमच्यापैकी कोणी एवढ्या वर्षांत विचारलं?"

"तू कधी बोलली नाहीस."

"कोणाला बोलू? ह्यांना? ते म्हणायचे, जर्मनीतली म्हातारी ऐंशीच्या घरात करत होती. तुला? तू पुरावा मागितला असतास."

दिगंबर जमिनीकडे पाहत होता. आत्याने दाराची चौकट धरली होती.

"माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी अक्षता टाकून परत आले," आई म्हणाली. "पाठवणीला थांबले नाही. सगळ्यांना वाटलं, जावयांना राग आला काहीतरी. राग कसला, बरणी होती घरी."

"ठीक आहे," मी म्हणालो. आवाज खाली आणण्याचा मी प्रयत्न करीत होतो आणि तो येत नव्हता. "अन्याय झाला, मान्य. पण नाना गेले. आता ते ओझं तुझ्यावर राहणारच नव्हतं. मी वचन दिलं होतं. मी सांभाळणार होतो."

"तू म्हणजे कोण?"

"म्हणजे?"

"तू तेरावा झाला की रात्रीच्या गाडीनं पुण्याला जाणार. खोलीवर राहतोस, खाणावळीत जेवतोस. तू सांभाळणार म्हणजे कोण सांभाळणार? मी. आणि उद्या माझे गुडघे राहिले, की जी कोणी तुझं कुंकू लावून येईल ती. मला विचारून बोललास कावळ्याशी?"

ज्याला प्रतिज्ञा म्हणून मी अभिमानाने छातीशी धरले होते, त्यातला कर्ता कोण, हा प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी विचारीत असे.

"आणि ती गोष्ट," आई म्हणाली. "दवाखान्यातली. रोज सांगतोस."

"ती खरी आहे."

"खरी आहे. पण तुझी गोष्ट ह्यांच्यापाशी संपते. मी रिक्षात बसल्यावर पुढं काय झालं, ते तू सांगत नाहीस. मी म्हटलं होतं, आज राहू दे. आज मी इथंच बसते. म्हणाले, राहू दे म्हणजे? मरेल ते. मी गेले. स्टुलावर चढले. काढलं, घातलं, ढवळलं, झाकण लावलं. दवाखान्याचा फोन आला तेव्हा माझे हात पिठाचे होते. तसाच उचलला. चाळीस वर्षं ज्या माणसाचं केलं, त्याच्या तोंडात शेवटचं पाणी एका नर्सनं घातलं, आणि मी कोणाला घालत होते? त्याला."

कावळा केळीखालून उडाला आणि कठड्यावर, बरणीच्या शेजारी जाऊन बसला.

"नऊ दिवस तू लोकांना रडवत होतास आणि मी ऐकत होते. तेवढे दिवस त्यालाही घालत होते. सुतकातसुद्धा. दहावा होईपर्यंत घालायचं, असं मनाशी ठरवलं होतं. आज घातलं नाही."

"मीच तिला म्हटलं, माझ्यावर ढकल," आत्या म्हणाली. "मला काय, सोवळ्याचं भूतच म्हणता तुम्ही मला. त्यात आणखी एक बोल. तिला बोल लागायला नको होता आज. दादा माझा भाऊ होता, अच्युता. त्याला मी तुझ्या आधीपासून ओळखत होते."

माझ्याजवळ संताप पुष्कळ होता. आता तो ठेवायला जागा उरली नव्हती. आत्यावर ठेवावा तर तिने तो मुद्दाम मागून घेतला होता. आईवर ठेवावा तर तिच्याजवळ तिचा स्वतःचा इतका होता, की माझा त्यापुढे पोरकट दिसत होता. नानांवर ठेवणे मला जमत नव्हते. अशा वेळी मनुष्य जे करतो ते मी केले. मुद्दा सोडून तपशील धरला.

"पण कावळा शिवला," मी म्हणालो. "ते तर मी डोळ्यांनी पाहिलं. बरणीचं नाव घेतलं आणि शिवला."

"त्याआधी काय काय म्हटलंस?"

दिगंबरच हळू आवाजात म्हणाला, "मामींना सांभाळीन म्हणाला. दोनतीनदा म्हणाला."

"तेव्हा नाही आला?"

"नाही."

आई हसली. ते हसणे मला आजही आठवते. त्यात दुःख असते तर मी ते सहन केले असते. एखाद्या जुन्या हिशेबाचे उत्तर आपल्याला येत होते तेच आले, असे ते हसणे होते.

"म्हणजे तुलाही वाटतं, की ते नाना..." मी म्हणालो.

"मला काय वाटायचंय! तर्कशास्त्र तू शिकवतोस." तिने बरणी उचलून कुशीत घेतली, फडक्याने तिच्या तळाचे पाणी टिपले. "ऊन किती चढलं होतं? कावळा भुकेला होता. भूक सोसेना, तेव्हा आला. एवढी वर्षं दोघांना वेळेवर घालत आले मी. भूक कोणाला कधी लागते ते मला कळतं."

तिने बरणी आत नेली. वरच्या फळीवर नव्हे. खाली, ओट्याजवळ, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. मी भिजल्या धोतरानिशी दारातच उभा होतो. अंघोळ व्हायची होती, गुरुजी यायचे होते, घरातल्या पुरुषांची पाने मांडायची होती. आईने पाट ओढला, ताट घेतले, गरम भातावर मेतकूट आणि तूप वाढले आणि आमच्यापैकी कोणाची वाट न पाहता ती जेवायला बसली.

"वहिनी," आत्या म्हणाली, "लोणचं देऊ का?"

"द्या," आई म्हणाली. "आंबट नको. मिरचीचं द्या."